रॅली नंतर, आधी स्टँड: सोसायटीतल्या लोकांना सायकलने ऑफिसला जायला लावायचं तर कोणत्या क्रमाने जायचं

दर वर्षी ३ जूनच्या आसपास, जागतिक सायकल दिन म्हणून, कुठल्या ना कुठल्या सोसायटीत रॅली निघते. टी-शर्ट, बॅनर, पोहे, ग्रुप फोटो, आणि आठवड्याभरात पाऊस सुरू होतो नि सगळ्या सायकली परत ताडपत्रीखाली जातात. आम्हीपण हेच केलं होतं. कर्वेनगरातली आमची सोसायटी, साठ टी-शर्ट छापले, रविवारी सकाळी जोरात घोषणा झाल्या, आणि मंगळवारी ऑफिसच्या वेळेला गेटमधनं बाहेर पडलेल्या सायकली दोन. त्यातली एक माझी, दुसरी पेपरवाल्याची.

चूक क्रमात होती. लोकांना उत्साह असतोच हो, त्यांना अडवतात त्या फार बारीक गोष्टी. सायकल तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये मावत नाही, वाटेत एक चौक आहे ज्याची धडकी भरते, आणि ऑफिसात घामेजलेला शर्ट बदलायला जागा नाही. या तीन गोष्टी सोडवल्या तर लोक न सांगता येतात. नाही सोडवल्या तर रॅलीला येतात आणि पोहे खाऊन जातात.

खाली दिलंय ते पुण्यातल्या एका सोसायटीच्या अनुभवावरचं आहे, रस्त्यांची नावं बदलून कोल्हापूर, नाशिक, ठाणे कुठंही चालेल. साधारण आठ आठवडे धरा. सुरुवात जूनमध्ये करू नका, दसरा-दिवाळीच्या आसपास करा, पाऊस गेलेला असतो, ऊन तापलेलं नसतं, आणि पुढचे चार महिने सवय लागायला मिळतात.

१. मोजणी: किती जण, कुठं जातात (आठवडा पहिला)

व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोण कोण सायकलने जायला तयार आहे?" असं विचारू नका. पन्नास अंगठे येतील आणि एकही माणूस येणार नाही. त्याऐवजी एक साधी वही घ्या आणि पार्किंगमध्ये संध्याकाळी सात ते नऊ उभे राहा, दोन-तीन दिवस. येणाऱ्याला फक्त तीन गोष्टी विचारायच्या: ऑफिस कुठं, निघता किती वाजता, घरात सायकल आहे का.

मग यादी लावा अंतराप्रमाणे. ३ ते ८ किलोमीटरवाले पहिले. शहरात आरामात सायकल मारली तर ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग पडतो, सिग्नल धरून ७ किलोमीटरला पस्तीस-चाळीस मिनिटं. एवढं माणूस रोज करू शकतो. कर्वेनगर-कोथरूडहून डेक्कन, शिवाजीनगर, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड हे सगळं साधारण यात बसतं. हिंजवडीवाले फार उत्साहाने नाव देतात, त्यांना प्रेमाने सांगायचं की दादा, तुम्ही दुसऱ्या फळीत. चांदणी चौक आणि बायपासवरनं नवख्या माणसाला नेणं म्हणजे त्याला कायमचं गाडीत बसवणं.

त्याच फेरीत पार्किंगमधल्या सायकली मोजा, धूळ खात पडलेल्या सुद्धा. आमच्याकडे एकतीस निघाल्या, त्यातल्या चालू स्थितीत सहा. हा आकडा पुढच्या मीटिंगला फार कामाला येतो.

तपासा: तुमच्याकडे एकाच दिशेला, अर्ध्या तासाच्या फरकाने निघणारे निदान चार जण आहेत का? नसतील तर शेजारच्या सोसायटीला बरोबर घ्या. एकट्या माणसाची सवय तिसऱ्या आठवड्यात मोडते.

२. स्टँड: सायकलला तळमजल्यावर जागा (आठवडा दुसरा ते चौथा)

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, आणि नेमकं हेच आधी व्हायला पाहिजे. ज्याला सायकल जिन्यातनं उतरवावी लागते तो पावणेनऊ वाजता स्कूटरची चावी उचलतो, इतकं सोपं आहे ते.

कमिटीपुढे जाताना "सायकल संस्कृती" वगैरे शब्द वापरू नका, लोकांचे डोळे मिटतात. कागदावर एवढंच लिहा: एका कारची जागा म्हणजे अंदाजे अडीच मीटर बाय पाच मीटर, त्यात दहा सायकली उभ्या राहतात. नकाशा काढून द्या. सेक्रेटरींना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते, तेव्हा विषय अजेंड्यावर यावा म्हणून बाकी सगळं दसऱ्याला सुरू करणार असलात तरी मोजणी आणि अर्ज ऑगस्टमध्येच उरकले पाहिजेत, सभेच्या दिवशी उठून बोललात तर "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर ठरलेलं.

आमच्या सभेत एक काका उठले आणि म्हणाले, अहो माझ्या पाहुण्यांची गाडी कुठं लावू? मी ती एकतीस सायकलींची यादी वाचून दाखवली, आणि त्यात तिघी वहिनींनी आपापल्या मुलांच्या सायकली जिन्यात कशा अडकतात ते सांगितलं. काका बसले. भांडण न करता आकडा वाचायचा.

स्टँड कसा पाहिजे ते नीट ऐका कारण इथं पैसे वाया जातात. बाजारात ते पुढचं चाक खाचेत अडकवायचे स्टँड मिळतात, ते घेऊ नका. सायकल कलंडली की सगळं वजन चाकावर येतं आणि रिम आऊट होते, शिवाय कुलूप फ्रेमपर्यंत पोचत नाही, चोर चाक सोडून बाकीची सायकल घेऊन जातो. फॅब्रिकेशनवाल्याकडनं उलट्या यू आकाराचे पाईप करून घ्या, दीड इंची पाईप, जमिनीपासून कमरेच्या खाली, साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उंच, दोन पाईपांमध्ये एक मीटर अंतर. एका पाईपला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल. पाच पाईप, दहा सायकली. पाय काँक्रीटमध्ये गाडायचे, फक्त फरशीला नटबोल्ट मारून सोडायचे नाहीत.

थांबा: जिन्याखाली, मीटर रूमपुढे किंवा आगीच्या वेळी लागणाऱ्या वाटेत स्टँड लावू नका. ते चुकीचंच आहे, आणि पहिली तक्रार झाली की सगळाच प्रकल्प गुंडाळला जातो.

जागा सीसीटीव्हीत येते का ते कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जाऊन बघा, वॉचमनच्या शब्दावर नको. आणि प्रत्येकाला सांगा की पेडलच्या दांड्यापाशी, फ्रेमच्या खालच्या बाजूला नंबर कोरलेला असतो त्याचा फोटो काढून ठेव. सायकल चोरीला गेली की पोलिस चौकीत पहिला प्रश्न हाच येतो आणि कोणाकडेच उत्तर नसतं.

३. सायकल रस्त्यावर न्यायच्या लायक करणं (आठवडा चौथा)

जवळच्या सायकल दुकानदाराला रविवारी सकाळी सोसायटीत बोलवा. आधी दर ठरवा, पंक्चर किती, ब्रेक रबर किती, ओव्हरऑइलिंग किती (शब्द ओव्हरहॉलिंग आहे, पण ओव्हरऑइलिंग म्हटलं तरच कळतं). दर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा म्हणजे नंतर कुरबुर नाही.

त्या दिवशी निव्वळ दुरुस्ती उरकू नका, शेजारी उभे राहून बघा. आमच्याकडे आलेला दुकानदार ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा कुठनं येतो ते दाखवत होता, आणि मग टायरच्या आतनं बोट हळूच फिरवत काटा शोधत होता. ट्यूब नवी टाकून काटा तसाच ठेवला तर संध्याकाळी परत पंक्चर. हे बघितलेली दहावीतली एक मुलगी आता आमच्या अर्ध्या सायकलींची पंक्चर काढते, रुपये घेऊनच.

प्रत्येक सायकलला हे बघायचंच:

हवा. टायरच्या बाजूला किती हवा ते छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून टायर आत जातोय म्हणजे कमी. आठवड्याला एकदा हवा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी पंक्चर वाचतात.

ब्रेक. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर सायकल बाहेर काढायचीच नाही. रबर रिमवर बसलं पाहिजे, टायरला घासलं तर टायर फाटतो.

सीटची उंची, इथं तर जवळजवळ सगळे चुकतात. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला की गुडघा हलका वाकतो, तेच बरोबर. "पाय टेकले पाहिजेत" म्हणून लोक सीट पार खाली ठेवतात आणि दहा दिवसांनी गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात.

लाइट. पुढे पांढरा, मागे लाल. दिवसासुद्धा मागचा चालू ठेवला तर चांगलं. घोळक्यात जाताना मात्र मागचा लाइट लुकलुकता नको, एकसारखा ठेवा, मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो.

घंटी, मडगार्ड, कॅरिअर. मडगार्ड नसलेली स्टायलिश सायकल ऑफिसला नेऊन बघा एकदा पावसात, पाठीवर चिखलाची रेघ घेऊन मीटिंगला बसाल.

हेल्मेट सायकलवाल्याला कायद्याने सक्तीचं नाही पण गटात आम्ही सक्तीचं केलंय. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही आकार, हनुवटीखाली एक बोट जेमतेम जाईल एवढं. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवलेलं हेल्मेट म्हणजे टोपी.

एक उपप्रश्न नेहमी येतो, ई-सायकल चालेल का. चालेल की, चढ आणि गुडघे दोन्हीसाठी चांगली. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स, नंबर प्लेट काही लागत नाही. वेग "अनलॉक" करून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका, मग ती कायद्याने मोटरगाडी झाली. आणि सोसायटीत बॅटरी चार्जिंगची जागा स्टँडपासनं वेगळी, मोकळी, देखरेखीतली ठेवा.

४. रस्ता ठरवणं (आठवडा पाचवा): इथं घाई करू नका

सगळ्यात मोठी चूक ही की लोक गाडीचाच रस्ता सायकलला घेतात. गाडीवाल्याला लवकर पोचायचं असतं म्हणून तो मोठा रस्ता धरतो. सायकलवाल्याचा हिशोब वेगळा: कमी वेगाची वाहनं, कमी उजवी वळणं, कमी बस स्टॉप, आणि अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल.

आमचंच घ्या. कर्वे रोडने सरळ डेक्कन गाठता येतं. पण नळस्टॉपचा फ्लायओव्हर, मेट्रोचे खांब, खांबाआडून अचानक रस्ता ओलांडणारी माणसं, आणि डावीकडे रिक्षा-बस, हे सगळं नवख्याला झेपत नाही. मग राजाराम पुलाकडनं म्हात्रे पुलाकडे जाणारा डीपी रोड बघितला. सकाळी एकदम छान. संध्याकाळी लगीनसराईत त्याच रस्त्यावर मंगल कार्यालयांच्या, लॉन्सच्या गाड्या वळत असतात, मधेच वरात, बँड, रस्त्यावर नाचणारे काका. म्हणजे सकाळचा रस्ता तो आणि मार्गशीर्षातल्या संध्याकाळचा रस्ता एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्यांनी, असं दोन ठरवावं लागलं. फर्ग्युसन कॉलेज (एफसी) रोड आणि जंगली महाराज (जेएम) रोड तर एकेरी आहेत, तिथं जातानाची आणि येतानाची वाट वेगळीच पडते. उलट्या बाजूने "एवढंसंच तर आहे" म्हणून जाणारा सायकलवाला मी रोज बघतो, आणि बाजूच्या गल्लीतनं बाहेर येणारा ड्रायव्हर त्या दिशेला बघतच नाही हे त्याच्या लक्षात नसतं.

नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल, हे मोहात पाडतात. पण खडकवासला धरणातनं पाणी सोडलं की ते बंद होतात, त्यामुळे पावसाळ्यासाठी दुसरा रस्ता आधीच पाठ पाहिजे.

सर्व्हे कसा करायचा: दोघांनी जायचं, कामाच्या दिवशी, नेमक्या ऑफिसच्या वेळेला. रविवारी सकाळी सहाला केलेला सर्व्हे कचऱ्यात टाका. एक जण चालवतो, दुसरा प्रत्येक अडचणीला थांबून फोटो काढतो आणि लिहितो. काय लिहायचं? ड्रेनेजची जाळी ज्याच्या फटी चाकाच्या दिशेला आहेत (चाक आत जातं, माणूस पुढे). खडी साचलेली वळणं. स्पीडब्रेकर ज्यावर पांढरे पट्टे नाहीत. कुत्र्यांची टोळी कुठल्या कोपऱ्यावर. शाळा कुठली आणि ती किती वाजता सुटते-भरते, कारण त्या वीस मिनिटांत व्हॅन आणि रिक्षांनी तो रस्ता बंदच असतो. संध्याकाळी दिवे नसलेला टप्पा.

आणि अवघड चौकात चहा घेऊन उभे राहा, तीन सिग्नल जाऊ द्या. कोण कुठनं वळतं, डावीकडे मोकळं वळण आहे का, बस कुठं थांबते, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

सायकल ट्रॅक आहे का, हो काही रस्त्यांवर आहे. पण त्यावर टू-व्हीलर, पथारी, बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब), आणि पेव्हर ब्लॉक उचकटलेले. ट्रॅक सलग दोनशे मीटर मोकळा असेल तर वापरा, दर वीस मीटरला चढ-उतर करायला लागत असेल तर सोडा, कारण धोका ट्रॅकवर चढताना-उतरतानाच असतो.

तपासा: ठरवलेल्या रस्त्यावर सिग्नल नसलेलं उजवं वळण किती? दोनपेक्षा जास्त असतील तर रस्ता परत काढा.

५. पार्किंगमधली शिकवणी (आठवडा सहावा, दोन संध्याकाळी)

"सायकल येते हो आम्हाला, लहानपणापासून" असं सगळे म्हणतात. सायकल येते, रहदारीत येत नाही. चार गोष्टी करून घ्या, खडूने रेघा आखून.

मागे बघणं: सरळ रेघेवर चालवत उजव्या खांद्यावरनं मागे बघायचं आणि मागच्याने किती बोटं दाखवली ते सांगायचं. पहिल्या दिवशी दहातल्या सात जणांचं हँडल बघतील त्या बाजूला वळतं. हेच रस्त्यावर झालं तर बसखाली.

एका हाताने चालवून हात दाखवणं. हात दाखवायचा आधी, वळायचं नंतर. आपल्याकडे लोक वळता वळता हात दाखवतात.

ब्रेक: दोन्ही एकदम, वजन मागे. नुसता पुढचा करकचून दाबला की हँडलवरनं पुढे, नुसता मागचा दाबला की घसरत लांब. वेग घेऊन रेघेवर थांबायला लावा, पंधरा-वीस वेळा.

जागा घेणं. हे तोंडी शिकवायला अवघड आहे म्हणून खऱ्या पार्क केलेल्या गाड्यांशेजारी शिकवा. डाव्या कडेला अगदी चिकटून चालवायचं नाही, कारण तिथं खडी, जाळ्या, आणि उघडणारी गाडीची दारं. उभ्या गाड्यांपासनं हात पसरून बोट लागणार नाही एवढं, म्हणजे साधारण एक मीटर लांब. रस्ता इतका अरुंद झाला की कार आणि तुम्ही शेजारी शेजारी मावत नाही, तर मधे या, मागचा हॉर्न मारेल, मारू दे. कडेला राहून त्याला घुसायला जागा दिलीत तर तो घुसणारच. रुंद झालं की परत डावीकडे जा.

थांबा: सिग्नलला बस, ट्रक, डंपर यांच्या डाव्या बाजूने पुढे सरकायचं नाही. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही, आणि त्याला डावीकडे वळायचं असलं तर मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापतं. त्याच्या मागे थांबा. हा एक नियम कोणी मोडला तर आम्ही त्याला गटातनं आठवडाभर बाहेर ठेवतो, वय किती का असेना.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर दोन टप्प्यांत. सरळ पलीकडे जा, तिथं कडेला थांबा, सायकल वळवा, आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की सरळ. अर्धं मिनिट जास्त जातं. सासरेबुवांना मी हेच शिकवलं, ते म्हणाले की हे म्हणजे रांगेत दोनदा उभं राहण्यासारखं आहे, पण करतात.

६. रिकामी फेरी, मग सोबतीचा पंधरवडा (आठवडा सातवा-आठवा)

आधी एका रविवारी सगळ्यांना तो रस्ता दाखवायचा, गप्पा मारत, थांबत. कुठं जाळी, कुठं कुत्री, चहा कुठं. मग मंगळवारपासनं खरी सोबत.

एका गटात सहा ते आठ जण, जास्त झाले तर दोन गट करा, पाच मिनिटांच्या अंतराने. पुढे एक वाट माहीत असलेला, मागे एक शेपूट, शेपटाकडे पंप, पंक्चर किट आणि फोन. वेग सगळ्यात सावकाश माणसाचा. पुढच्याला स्ट्राव्हावर (वेग-अंतर नोंदवायचं ॲप) रेकॉर्ड करायचंय तर त्याने शनिवारी सिंहगड गाठावा, इथं नको.

ओळीने जायचं, दोघा-दोघांनी गप्पा मारत नाही. पुढचा ओरडतो "खड्डा!", मागचा ओरडतो "बस आली!", मधले तेच पुढे-मागे पोचवतात. सिग्नलला गट तुटला तर तुटू दे. पुढचे पलीकडे कडेला थांबतील. गट एकत्र ठेवायला म्हणून कोणी लाल सिग्नल तोडला, तर बघणाऱ्या पन्नास गाडीवाल्यांचं सायकलवाल्यांबद्दलचं मत त्या दिवशी पक्कं झालं समजा.

आठवड्यातनं पाचही दिवस नको. मंगळवार आणि गुरुवार एवढंच. पहिल्या दोन आठवड्यांत रोजचा आग्रह धरला की पाय दुखतात, घरी कुरकुर होते, माणूस गळतो. ठरलेल्या वेळेला निघायचं, "येतोय, दोन मिनिटं" वाल्यासाठी थांबायचं ते फक्त दोन मिनिटंच. आमचं ८:४० म्हणजे ८:४०.

कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत जा, बहुतेक वेळा त्यांचा रस संपतो.

ऑफिसची बाजू (सातव्या आठवड्याच्या आधी)

याला नंबर दिला नाही कारण हे प्रत्येकाने आपापलं करायचंय, पण राहून जातं. मी एका ऑफिसला पहिल्यांदा सायकल घेऊन गेलो तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीने सांगितलं की टू-व्हीलरला स्टिकर लागतो, आणि सायकलला स्टिकर देता येत नाही कारण नंबर प्लेट नाही. सायकल बाहेर झाडाला बांधून आत गेलो. त्यामुळे आदल्या आठवड्यात ॲडमिनला लेखी विचारून ठेवा: सायकल कुठं लावायची, सीसीटीव्ही आहे का, कपडे बदलायला जागा कुठली.

घामाचं म्हणाल तर: बॅग पाठीवर नको, कॅरिअरला. पाठ कोरडी राहते तिथंच निम्मा प्रश्न मिटतो. शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मग शर्ट बदला, लगेच बदललात तर दुसरा पण भिजतो. सोमवारी इतर वाहनाने जाताना आठवड्याचे दोन शर्ट आणि एक पंचा ऑफिसात ठेवून यायचा. पंचाच, टॉवेल वाळत नाही.

७. रस्त्यावरच्या तक्रारी: काय, कोणाकडे

गट सुरू झाला की सर्व्हेची यादी बाहेर काढा. "रस्ते खराब आहेत" या तक्रारीला कोणी वाली नसतो. एक तक्रार, एक जागा, एक फोटो, आणि जवळच्या दिव्याच्या खांबावरचा नंबर. खड्डा, जाळी, दिवा हे पुणे महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात. ट्रॅकवर लावलेल्या गाड्या, उलट्या बाजूची वाहतूक हे वाहतूक पोलिसांकडे. चुकीच्या दारात गेलात तर महिना जातो.

जाळीची तक्रार करताना "जाळी आडवी फिरवून बसवा" असं उपायासकट लिहा, स्वस्तातलं काम असलं की लवकर होतं. मोठं काम, म्हणजे चौकात दिवे किंवा सार्वजनिक सायकल स्टँड, हे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते त्यात टाका, आणि एकाच कामाचे वीस फॉर्म वीस घरांतनं जाऊ द्या.

८. पडलं-लागलं तर

हे सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच पाहिजे. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांसाठी आणि एकूण आणीबाणीला ११२. हेल्मेटच्या आत रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, सेलोटेप लावून.

पडलेल्या माणसाला लगेच ओढून उभं करू नका, मान-पाठ दुखत असेल तर हलवूच नका. दोघांनी मागे जाऊन वाहनं थांबवा. गाडीचा नंबर, जागेचा फोटो, साक्षीदाराचा फोन. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे रिक्षावाल्या दादांना मोठ्याने सांगितलं की ते थांबतात, अनुभव आहे.

मोटरगाडीमुळे अपघात असेल तर २०२५ पासनं केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस, ठरलेल्या हॉस्पिटलांत. धडक देऊन गाडी पळून गेली तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख अशी भरपाई १ एप्रिल २०२२ पासनं आहे, त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली पाहिजे. "जाऊ दे, थोडंच लागलंय" म्हणून नोंद न करणारे नंतर पस्तावतात.

पाऊस आला की

पहिल्या पावसाच्या दिवशी सायकल बाहेर काढू नका. रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो. नंतरही झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं, पेव्हर ब्लॉक यांवर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही, सरळ पार करायचं. रिमचे ब्रेक ओले असले की चाकाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसतं पाणी पुसतात, म्हणून ब्रेक लवकर आणि हलका. डबकं दिसलं की त्यात खड्डा आहे असंच समजा. पोंचो (डोक्यातनं घालायचा सैल रेनकोट) वाऱ्यात फुगतो आणि चाकात जातो, जॅकेट-पँट घ्या. आठवड्याला चेन पुसून तेल.

ज्यांना पावसाळ्यात थांबायचंय त्यांना थांबू द्या, टोमणे मारू नका. फक्त त्यांच्या सायकली स्टँडवरच राहू देत, वर घरी नेऊ देऊ नका. ऑक्टोबरात स्टँडवरच्या सायकलीत हवा भरायला दोन मिनिटं लागतात, तिसऱ्या मजल्यावरची खाली यायला दुसरा दसरा उजाडतो.